जुनं माप

सत्तरीतल्या माणसाला ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर धापा टाकायला लावण्यापेक्षा वीस प्रश्न विचारून त्याच्या दमाचा अंदाज आला, तर कुणाला नको आहे? प्रश्नावली परभाषेतली होती. ती आपल्या भाषेत आणून पारखण्यात फिजिओथेरपिस्ट बाईंची दोन वर्षं गेली होती. चाळीस आजी-आजोबा पट्ट्यावर चालले, उत्तरं देऊन गेले. पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. प्रकृती तीच असेल तर उत्तरंही जुळायला हवीत.

आणि जुळली की! एकोणचाळीस जणांची अगदी तंतोतंत. "असं जुळलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही," असं विभागप्रमुख म्हणाले, तेव्हा बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

चाळिसावे शिंपीकाका. बाई पहिल्या मजल्यावरच्या दारात उभ्या राहून त्यांना जिना चढताना पाहत होत्या. पाचव्या पायरीवर काकांनी चष्मा पुसला. नवव्या पायरीवर चपलेतला खडा झटकला. खडा नव्हताच. वर येता येता तिसऱ्यांदा थांबले, तेव्हा सबब सुचली नाही म्हणून नुसतेच थांबले.

"काका, दोन मजले न थांबता चढता?"

"चढतो की!"

"अहो, आत्ता एका मजल्यात तीनदा थांबलात."

काकांनी खिशातून घडीचा कागद काढला. त्यावर वीस उत्तरं, ओळीने. "गेल्या खेपेला निघताना तूच म्हणालीस ना, पुढच्या वेळी उत्तरं जुळली पाहिजेत हं! माझ्यापायी तुझं काम कशाला बिघडवू? घरी जाऊन लगेच लिहून ठेवलं. बाकीच्यांनीही ठेवलंय. बागेत बसून सगळ्यांना पाठ करायला लावलं मी."

ते वाक्य बाईंनी चाळिसांनाही ऐकवलं होतं, तेही हसून, कौतुकाने. म्हणजे धोंडा आपल्याच हाताने पायावर पाडून घेतलेला. क्षणभर, खोटं कशाला बोला, त्यांना वाटलं की वीस खुणा कराव्यात आणि तोंड मिटून बसावं.

मग त्यांनी कागद पालथा घातला. "काका, गिऱ्हाईकाचं जुनं माप धरून कधी कापड कापलंत?"

"छे! पोटं काय कुणाचं ऐकतात?" काका हसले आणि हसतानाच त्यांना धाप लागली. मग हळूच म्हणाले, "आठ दिवस झाले पोरी. आडवा झालो की जीव घाबरा होतो. खुर्चीतच झोपतो. घरी बोललो नाही."

बाईंनी तळमजल्यावरच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, चाकाची खुर्ची मागवली. खुर्ची दारातून वळताना काका ओशाळून म्हणाले, "जुळलेलं मोडलं ना गं माझ्यामुळे?"

"मोडू द्या," बाई म्हणाल्या.

विभागप्रमुखांना खरं काय ते सांगून झाल्यावर त्यांनी यादी पुढे ओढली आणि पहिल्या नावाला फोन लावला.

"आजी, पुन्हा यावं लागेल. आणि या वेळी कागद घरीच ठेवून या."