लेकीचं पान

माझं तोंड फटकळ आहे, हे मला कुणी सांगायला नको. तीस वर्षं बायकांचे कपडे शिवतेय. ज्या उशिरा येतात त्यांना बोलते, ज्या लवकर येतात त्यांनाही सोडत नाही. पण त्या दिवशी नातीने गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडाला कात्री लावली आणि मी लाकडी पट्टी उगारली. लेकीने ती वरच्या वर धरली.

"आधी कुणाकडे तरी जाऊन ये, आई. तोवर ही इथे पाऊल टाकणार नाही."

तीन महिने झाले, नातीचं तोंड पाहिलं नाही. मग गेले झक मारत समुपदेशक बाईंकडे. बाई माझ्या लेकीपेक्षा लहान. पहिल्या दिवशी एवढंच बोलले, की तुमचा डावा खांदा उतरता आहे, शर्टाला आतून पॅड लावून घ्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "राग आला की लिहून ठेवा. किती आला, तेही."

आता वही माझ्याकडे एकच, मापांची. आणि किती म्हटलं की मला इंचच सुचतात. 'बटणवाला, सहा इंच. शेजारीण, अकरा.' बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी हळूच विचारलं, "सगळ्यात मोठं माप कुणाचं?"

मी पिशवी उचलून निघाले. घरी येऊन वहीतलं लेकीचं पान काढलं. लहानपणापासून लग्नापर्यंतची तिची मापं. एकेका मापाखाली लिहीत गेले. 'सात वर्षांची. दूध सांडलं. पट्टी, दोनदा.' 'नऊ वर्षांची. उलट बोलली. पट्टी.' रडले, खोटं कशाला बोलू. बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "हे मला नाही, तिला दाखवायला हवं."

काल लेक आली, एकटीच. उभ्या उभ्या वाचलं.

"एक राहिलंय," म्हणाली. माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि लिहिलं, 'अकरा वर्षांची. काहीच केलं नव्हतं.'

मला काही म्हणजे काही आठवेना. 'काहीतरी केलं असशीलच,' अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "पण तुला आठवतंय, म्हणजे झालंच असणार. चुकलं गं माझं."

तिने वहीची पानं उलटली. मग तिने कोरं पान उघडून वर नातीचं नाव घातलं.

"शनिवारी आणते. फ्रॉकचं माप घे," ती म्हणाली. "पण आई, या पानावर मापांशिवाय दुसरं काही दिसता कामा नये."