ढोलावरचे वाटाणे

"नाचले! बघा, नाचले!"

डॅन्यूबकाठच्या पेट्रोवारादिन किल्ल्याखाली, चार जिने उतरून गेल्यावर जे भुयार लागतं, तिथं पन्नासेक माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून बघत होती. मधोमध एक जुना लष्करी ढोल आणि त्यावर मूठभर सुके वाटाणे. ढोलाला कुणाचा हात नाही, भुयारात वारा नाही, तरी वाटाणे टणाटण उडत होते! बायांनी छातीवर क्रूस काढला. बेपत्ता भावाची वाट बघणारा एक धिप्पाड ट्रकवाला तर चक्क हुंदके देऊन रडायला लागला.

"ही धरणी खोटं बोलत नाही, लेकरांनो!" त्रिवूनबाबा दाढी कुरवाळत म्हणाला. "मेलेल्याचं काळीज गप्प असतं. जित्याचं काळीज जगात कुठंही धडधडू दे, त्याचे ठोके मातीतून इथवर येतात. पेर्सिदामाय, तुझा वेल्को जिवंत आहे!"

तीन वर्षांपूर्वी हाच त्रिवून बाजारात गुडघेदुखीचं मलम विकायचा. त्यानं एकाचाही गुडघा बरा झाला नव्हता. पण दाढी वाढली आणि लोक त्याच्यापुढे तेच गुडघे टेकायला लागले.

पेर्सिदाचा धाकटा भाऊ गाव्रिलो मागे भिंतीला टेकून दातओठ खात होता. तीस वर्षं त्यानं याच भुयारांतून प्रवाशांना फिरवलं होतं. त्याचा भाचा वेल्को युद्धात बेपत्ता झाला, त्याला अकरा वर्षं झाली होती. गेल्या दीड वर्षात, म्हणजे बाबाचा ढोल बोलायला लागल्यापासून, बेपत्ता माणसांच्या कचेरीतून तीनदा पत्र आलं: एका शेतात हाडं सापडली आहेत, वेल्कोची असू शकतात, वडील हयात नाहीत तेव्हा ओळख पटवायला आईचं रक्त हवं. तिन्ही पत्रं पेर्सिदानं चुलीत घातली. 'रक्त देणं म्हणजे पोराला आपल्या हातानं मारणं,' असं बाबानं तिच्या डोक्यात भरवलं होतं. वेल्कोचं घड्याळ, तिच्या कानातली कुडी आणि दर रविवारी धुरावलेल्या मांसाचा मोठा तुकडा, सगळं बाबाच्या घरी पोचत होतं.

वर उन्हात आल्यावर गाव्रिलोला राहवेना.

"अगं ताई, ही आपल्या जुन्या सैनिकांची युक्ती. शत्रू खालून सुरुंग खणत आला की धक्क्यानं वाटाणे उडायचे. वाटाणे उडाले म्हणजे जवळपास कुणीतरी ठोकतंय, एवढाच त्याचा अर्थ!"

"तुला पोटचं पोर असतं ना, तर अशी जीभ उचलली नसतीस," पेर्सिदा म्हणाली आणि चालायला लागली.

हे गाव्रिलोच्या जिव्हारी लागलं. त्याला मूलबाळ नव्हतं. डॅन्यूबच्या पाण्यात वेल्कोला पोहायला शिकवलं होतं ते त्यानंच. त्या पोराला नावाची कबर मिळावी, एवढंच त्याला हवं होतं.

ठोकणारा शोधायचा, पण कसा? भुयारं मैलोन्मैल, आडवाटा शेकडो. विचार करकरून त्याचं डोकं पिकलं आणि मग त्यानं कपाळावर हात मारला. प्रवाशांना तीस वर्षं पोपटासारखं सांगत होतो की! एका ढोलानं शत्रू आलाय एवढंच कळतं. तीन ढोल लावले की कुठून आलाय ते कळतं.

पुढच्या रविवारी तो लग्नाच्या बँडवाल्याकडून दोन ढोल घेऊन खाली उतरला.

"हे काय आणि?" बाबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एक काळीज, एक ढोल!"

"असू द्या हो बाबा. माती सगळीकडे सारखीच ना? की आमच्या ढोलांवर तिची खप्पामर्जी आहे?"

गर्दीत खसखस पिकली. बाबाला नाही म्हणता येईना. गाव्रिलोनं एक ढोल भुयाराच्या उजव्या टोकाला ठेवला, एक डाव्या, आणि दोन्हींवर वाटाणे टाकले. बाबानं धरणीला जागं करायला काठी तीनदा आपटली.

उजवीकडचे वाटाणे जागचे हलले नाहीत. बाबाचे नेहमीसारखे नाचले. डावीकडचे मात्र उसळून ढोलाखाली सांडले!

"चला," गाव्रिलो म्हणाला आणि दिवा घेऊन डावीकडे निघाला. लोक मागोमाग. वीसेक पावलांवर फळ्या ठोकून बंद केलेली कमान होती. दोन लाथांत फळ्या पडल्या.

आत ओब्राद बसला होता. हा किल्ल्याचा दारवान. लोकांना खाली सोडून 'कुणी व्यत्यय नको' म्हणत फाटकाला कुलूप लावायचा, तोच. हातात चिंध्या गुंडाळलेला मोठा हातोडा, पायाशी सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा ढीग.

"माझ्यावर ओरडू नका!" तो चाचरत म्हणाला. "काठी तीनदा वाजली की जमिनीवर ठोकायचं, दोनदा वाजली की गप्प बसायचं. मला एवढंच सांगितलंय."

पेर्सिदा पुढे आली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "वेल्कोच्या वाढदिवशी ठोके किती तरी वेळ येत होते. ते?"

"मीच, माय. बाबा म्हणाले, आज जरा जास्त वेळ ठोक."

पेर्सिदा वळली आणि तिनं थोबाडीत मारली ती गाव्रिलोच्या. "दीड वर्ष माझं पोर जिवंत होतं रे! तू मारलंस त्याला!"

त्या गडबडीत बाबा आपल्याकडच्या किल्लीनं फाटक उघडून केव्हाच पसार झाला होता. आणि लोक? "आज लबाडी झाली असेल, पण माझ्या वेळेला खरंच होतं," असं म्हणत ट्रकवाला सांडलेले वाटाणे रुमालात बांधत होता! गाल चोळत गाव्रिलो बघत राहिला. त्याला हसूही येईना.

तीन आठवडे पेर्सिदा भावाशी बोलली नाही. मग एका सकाळी तिनं त्याचं दार वाजवलं आणि म्हणाली, "चल, रक्त द्यायचंय."

हाडं वेल्कोचीच निघाली. ती दीड वर्ष एका कपाटात, नंबराच्या खोक्यात पडून होती. ज्या ज्या रविवारी आई त्याचे ठोके ऐकत होती, त्या त्या रविवारी ही हाडं तिथंच होती.

दफनाच्या दिवशी आलेल्यांना पेर्सिदानं रिवाजाप्रमाणे शिजवलेला गोड गहू वाटला. मागे दोघी कुजबुजत होत्या, पलीकडच्या गावात त्रिवूनबाबाचा ढोल म्हणे पुन्हा बोलायला लागला. पेर्सिदानं हातातलं ताट खाली ठेवलं.

"जा ना, खुशाल जा," ती म्हणाली. "पण जाताना आणखी दोन ढोल घेऊन जा. आवाज येतोय का, हे कुणीही दाखवेल. तो कुठून येतोय, हे तुम्ही शोधा. मी पहिल्याच रविवारी शोधलं असतं, तर माझं पोर दीड वर्ष कपाटात पडलं नसतं."

मग तिनं गाव्रिलोच्या हाती फावडं दिलं, आणि मामानं भाच्यावर माती लोटली.