फुलीची गार

काळ्या खनिजाचा पट्टा सरकत यायचा, आणि कडेला बसलेल्या बाया त्यातली पांढरी गार, म्हणजे गारगोटीचे खडे, वेचून आपापल्या टोपलीत टाकायच्या. गार राहिली की पुढे भट्टीत धातू रुसतो, असं त्या म्हणायच्या. पट्ट्याच्या तोंडाशी सासू बसे, तिच्या खालच्या अंगाला सून.

सासूच्या डोळ्यांत वर्षभरापासून धुकं उतरलं होतं. तिला ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. तिच्या हातून निसटलेली गार सून उचलायची आणि हळूच सासूच्याच टोपलीत सोडायची.

"अगं, हात आहेत की लाकडं?" सासू चारचौघींत म्हणायची. "माझी टोपली बघ अन् तुझी बघ!"

बाया हसायच्या. सूनही हसायची.

पोटचं मूल गेलं तेव्हा सून महिनाभर घरी होती. तेव्हाच सासूनं दंडक घातला होता : जो कमावत नाही, त्यानं दुसऱ्यांदा वाढून मागू नये.

एका सकाळी मुकादम आला. "मावशी, उद्यापासून घरटी एकच बाई. वरून हुकूम आहे. आज तुम्हा दोघींसाठी तळाशी फुली मारलेली एक गार सोडतो. संध्याकाळी जिच्या टोपलीत निघेल, ती राहील."

"त्याला गार कशाला हवी? हिला आत्ताच घरी धाडा," सासू म्हणाली. "मेलीला डोंगर आडवा आला तरी दिसायचा नाही."

गार आली. तव्यावर दुधाचा थेंब पडावा तशी. सासूच्या बोटांखालून गेली. बोटं शेजारचा काळा खडा चाचपत राहिली.

सुनेनं ती उचलली, तळाची फुली पाहिली. सवयीनं हात सासूच्या टोपलीकडे गेला. तिथं थांबला. मग आपल्या टोपलीकडे वळला, आणि दिवसभर वळतच राहिला.

संध्याकाळी मुकादमानं टोपल्या उलट्या केल्या. फुली सुनेच्या ढिगात निघाली. सासूच्या टोपलीतून सात-आठ दगड पडले, त्यातले चार काळे.

"एवढेच?" सासू ढीग चाचपू लागली. "माझी टोपली कुणी उपसली?"

"कुणी उपसली नाही, आई," सून म्हणाली. "आज कुणी भरली नाही."

रात्रीच्या जेवणात सासूनं पहिलं वाढलेलं पुसून खाल्लं. रिकामं ताट धरून बसून राहिली. बोटं काठावरून फिरत होती, दगड चाचपावा तशी.

सून भांड्यात डाव घालून थांबली. बराच वेळ थांबली.

सासूनं मागितलं नाही.

सुनेनं भांड्यावर झाकण ठेवलं.