पुनाचा चौकोन

आनुवंशिक आजारांच्या डॉक्टर सविता मॅडमनी कागदावर एक चौकोन काढला आणि तो पेनाने गच्च काळा केला.

"हा तुमचा ललित. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार असला की काळा."

सात वर्षांचा ललित टेबलाखाली बसून गाडीचं चाक फिरवत होता. बोलणं अडतं, शाळेत काही उमजत नाही, म्हणून त्याला शिंदखेड्याहून जळगावला आणलेलं. रक्ताचा रिपोर्ट आज मिळाला होता.

"गुणसूत्रातला हा दोष मुलाला आईकडून येतो," मॅडम म्हणाल्या.

झालं! सुलक्षणाच्या चुलतसासऱ्यांना, रुपचंद आबांना, त्यातले दोनच शब्द ऐकू आले. ते तिच्या सासूकडे, भिकुबाईकडे वळले.

"ऐकं ना वहिनी? दोष आईना शे. सूनले माहेर धाडी देऊ, किरणनं दुसरं लगीन करू."

आठ वर्षांचा संसार, आणि हा बाबा तो एका वाक्यात निकालात काढायला निघाला! नवरा किरण तर काकांच्या शब्दाबाहेर नाही.

"दोष गुणसूत्रात आहे आबा, बाईत नाही," मॅडमनी ठणकावलं. "तिलाही तो आईबापाकडूनच आला असणार. कधी कधी बाप स्वतः धडधाकट असतो, तरी मुलीला देतो. सुलक्षणाताई, तुमच्या वडिलांना भाऊ किती?"

एकच, पुनाकाका. त्याच्या खांद्यावर बसून तर ती यावलचा बाजार फिरली होती. पण सासरचं माणूस येणार म्हटलं की पुनाकाकाला केळीच्या बागेत धाडायचं, ही माहेरची रीत. कारण सासू भिकुबाई म्हणजे तिची सख्खी आत्या, आणि आत्याने स्वतःच्या लग्नापासून सासरी सांगून ठेवलं होतं की धाकटा भाऊ लहानपणीच गेला. आता या वयात ती खोटी पडली, तर घरात तिची काय पत राहील?

"एक काका होते," सुलक्षणा म्हणाली. "लहानपणीच वारले."

मॅडमनी नवा चौकोन काढून त्यावर तिरकी रेघ मारली.

"ती रेघ कसानी?" भिकुबाईने विचारलं.

"गेलेल्या माणसाची, अक्का."

भिकुबाईने आधी सुनेकडे पाहिलं. मग पदर सावरला आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"खोडा ती. पुना जित्ता शे. मन्हा भाऊ. यावलले केळीना घड वाहस. त्यालेबी ललितसारखंच शे. मीच सासरमा बठ्ठासले खोटं सांगं."

आबा खुर्चीतून अर्धे उठले.

"वहिनी, चाळीस वरीस?"

"हा, चाळीस."

भिकुबाईची मान काही खाली गेली नाही. काय छातीची बाई! सुलक्षणाला वाटलं, इथेच आत्याचे पाय धरावेत. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

मॅडमनी रेघ खोडून चौकोन काळा केला. "अक्का, मग हे तुमच्यातही असू शकतं. तुमचंही रक्त तपासावं लागेल."

"घ्या ना," म्हणत भिकुबाईने बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात टेबलावर ठेवला. मग ती दिराकडे वळली.

"भाऊ, आम्हनं दोन्हीसनं माहेर एकच शे. सून धाडनी व्हई, ते पयले माले धाडा."