खालच्या शाळेतला मुलगा

लेर्काबाईंचा जीवशास्त्राचा तास चालू होता. दार धाडकन उघडलं आणि खालच्या शाळेतला एक मुलगा फळ्यापाशी येऊन कोसळला. डोकं फुटलेलं, अर्धा चेहरा रक्तानं माखलेला.

बोस्नियातल्या त्या गावात इमारत एक, शाळा दोन. वर कॅथलिक क्रोएट पोरं, खाली मुसलमान बोस्नियाक. फाटकं वेगळी, मास्तर वेगळे, इतिहासाची पुस्तकंसुद्धा वेगळी. मोठ्यांनी लढाई थांबवली आणि भिंत पोरांच्या गळ्यात मारली. इतकी वर्षं शिकवूनही बाईंना खालच्या एकाही मुलाचं नाव ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना लाज वाटायची.

"नाव काय रे तुझं?"

"एम्सुद," तो कण्हला. "आमच्या फाटकात अडवलं मला, म्हणून इकडं पळालो. बाई, काल मी नव्हतो हो त्यांच्यात!"

काल खालच्या पोरांनी द्राझेनच्या धाकट्या भावाचे दात पाडले होते. द्राझेन बाईंच्याच वर्गातला. आज तासाला नव्हता. आता तो दारात उभा होता, हातात लोखंडी गज, मागे चार टगे.

"बाई, बाजूला व्हा."

"नाही होणार."

"तो त्यांच्यातला आहे!"

"असेल. आत्ता माझ्या वर्गात आहे."

"भारीच पुळका आलाय बाईंना!" मागून एक टगा खिंकाळला. "हाण रे द्राझ्या, बघत काय बसलास!"

गज उठला. बाई एम्सुदवर वाकल्या आणि फटका त्यांच्या उजव्या हातावर बसला. हाड कडकन मोडलं. पोरी किंचाळल्या. ते चार शूरवीर जिन्यावरून केव्हाच पसार झाले.

बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. संताप असा आला, की डाव्या हातानं पोराचं थोबाड फोडावं. पण पाहतात तर द्राझेन गज धरून लटलट कापत होता. हा आता असाच बाहेर गेला, तर जन्मभर त्याच्या हातातून तो गज सुटणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

"द्राझेन, इकडे ये. हा रुमाल घे आणि त्याची जखम दाबून धर."

"मी?"

"मग कोण? माझा हात मोडलास ना? आता तुझाच लागणार. ये म्हणते ना!"

गज खणकन पडला. तो गुडघ्यांवर बसला. बोटांमधून ऊन रक्त यायला लागलं तसा तो रडू लागला. त्याला पाहून एम्सुदनं अंग चोरलं.

"हलू नको ना रे!" द्राझेन ओरडला. "मरशील!"

तेवढ्यात हेडसर धापा टाकत आले. आधी त्यांनी खिडकी लावून घेतली.

"हा आपला विद्यार्थी नाही. द्राझेन, ऊठ तू. खाली निरोप धाडलाय, ते येऊन नेतील त्यांचं पोर."

द्राझेननं मान वर केली नाही.

"हात काढला तर हा जाईल, सर," तो म्हणाला. "तुम्ही ॲम्ब्युलन्स बोलवा."