उंचीची अट

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे चिंगी म्हणतात. पायलटचं लायसन्स मिळालं, छोट्या विमानातून दूरच्या गावांना औषधं नि टपाल पोचवू लागली, तरी नाव काही बदललं नाही.

मोठ्या विमान कंपनीत भरती निघाली. लेखी परीक्षा, मुलाखत, डोळे, कान, सगळं पार पडलं आणि चिंगी शेवटी भिंतीवरच्या मोजपट्टीपाशी अडकली. अटीपेक्षा दोन बोटं कमी. नर्सबाईंनी तिला पुन्हा ताठ उभं केलं, मान सरळ करायला लावली. बिचाऱ्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण दोन बोटं कुठून आणणार?

बाहेर बाकावर ती बूट चढवत होती. तिची मुलाखत घेतलेले म्हातारे कॅप्टन तिथून चालले होते, ते थांबले.

"निघालात? सिम्युलेटरची फेरी राहिलीय की."

"माझी नाही, सर. उंचीत गेले."

"मग आजवर उशीवर बसून उडवलंत का?"

"उशी कशाला? खुर्ची वर होते ना, सर."

कॅप्टन हसले नाहीत. सरळ आत गेले आणि डॉक्टरांना विचारलं, "हा आकडा आला कुठून?" डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. भरती अधिकाऱ्यालाही नव्हतं. शेवटी एका निवृत्त इंजिनियरला फोन लावला तेव्हा कळलं, की अट जुन्या विमानांच्या वेळची. त्यांच्या खुर्च्या फारशा हलत नसत. ती विमानं केव्हाच भंगारात गेली, अट मात्र नोकरीत कायम!

"आज दोन बोटं सोडली, तर उद्या चार सोडावी लागतील," अधिकारी कुरकुरले.

"बोटं मोजूच नका," कॅप्टन म्हणाले. "खुर्चीत बसवा. बाहेरचं नीट दिसतं का, पाय पेडलवर शेवटपर्यंत पोचतो का, ते बघा."

सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, शिरताना त्यांनी चिंगीला बजावलं, "मी उपकार करत नाहीये. पेडल पूर्ण दाबलं गेलं नाही, तर 'नाही' मीच सांगणार."

तिने खुर्ची वर घेतली, पुढे सरकवली, पट्टा आवळला. धावपट्टीवरून उचलताच कॅप्टननी एक इंजिन बंद केलं. अशा वेळी विमान एका बाजूला ओढ घेतं आणि उलट बाजूचं पेडल पायाने रेटून धरावं लागतं. तिने धरलं. मांडी थरथरली, पण विमान सरळ राहिलं. "आता दुसरा पाय," कॅप्टन म्हणाले. तेही झालं. मग आडवा वारा. ती उतरली तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

कॅप्टन एवढंच म्हणाले, "पाय पोचतो."

त्यानंतर समितीत बरीच वादावादी झाली म्हणे. कॅप्टनच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, ते गप्प बसले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण ते हटले नाहीत. अखेर उंचीचा आकडा गेला आणि खुर्चीतली परीक्षा आली, बुटक्यांना तीच, उंचांनाही तीच. चिंगीला पत्र आलं. आईने तिचं डोकं पोटाशी धरलं.

मागच्या वर्षी चिंगीच्या विमानात प्रवाशांमध्ये ते कॅप्टन आणि त्यांच्या पत्नी निघाले. विमान उतरल्यावर ती कॉकपिटच्या दारात उभी राहिली. कितीतरी दिवस मनात आभाराची वाक्यं जुळवली होती, पण ऐन वेळी तोंडून निघालं ते भलतंच.

"सर, प्रवास... बरा झाला ना?"

कॅप्टन डोळे चोळत होते. बाई हसून म्हणाल्या, "त्यांना काय विचारतेस, बाळ! दुसऱ्याच्या हाती विमान असलं की हे पापणी मिटत नाहीत, सारखा इंजिनाचा आवाज ऐकत बसतात. आज चक्क घोरत होते."

हे सांगताना चिंगी अजूनही रडते आणि हसतेही.