डावीकडून चौथा

मुलीने फोनवर एक फोटो पाठवला आणि तो उघडायच्या आत तिचा फोनच आला.

"बाबा, यात डावीकडून चौथे तुम्हीच ना?"

तो ओट्यापाशी बटाटे सोलत होता. हात पुसले, चष्मा शोधला, फोटो बोटांनी मोठा केला. काळापांढरा, जरा हललेला फोटो. स्टेशनसमोरच्या हॉटेलचा तळघरातला हॉल. मध्ये माइकपाशी गाणाऱ्या बाई, त्यांच्या बाजूला अ‍ॅकॉर्डियन आणि ट्रम्पेट, मागे ड्रम, आणि अगदी कडेला माणसाच्या उंचीच्या डबल बासला बिलगून उभा असलेला एक सडपातळ माणूस. त्याचा अर्धा चेहरा वाद्याच्या मानेआड गेला होता. कोट मात्र ओळखू येत होता. रुंद कॉलर, कॉलरला पांढरी कड. तसा कोट अख्ख्या शहरात एकच होता आणि तो त्याच्या बायकोने शिवला होता.

"मीच," तो म्हणाला.

"मग खाली 'अनोळखी वादक' का लिहिलंय? बाकी सगळ्यांची नावं आहेत."

शहरात पूर्वी जिथे जिथे गाणंबजावणं चालायचं त्या जागांचं प्रदर्शन वाचनालयाने भरवलं होतं. तिच्या मैत्रिणीने तिथून हा फोटो काढून पाठवला होता.

"जाऊन सांगा त्यांना," मुलगी म्हणाली. "संकोच करत बसू नका. तुम्ही म्हणजे अळणी जेवून उठाल, पण मीठ मागणार नाही."

तो हसला. फोन ठेवल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. वाद्य त्याने त्याहीआधी एका संगीतशाळेला देऊन टाकलं होतं, बोटं वाकेनाशी झाली तेव्हा. एका माणसापुरते बटाटे किती घ्यायचे हे त्याला अजून जमत नव्हतं. दोन जास्तीचे सोलले गेले होते.

बँडमध्ये त्याला सगळे खांब म्हणत. वाजवताना तो जागचा हलायचा नाही म्हणून. अकरा वर्षं तो बाईंच्या मागे उभा राहिला. "खांबाकडे कुणी बघत नाही," बाई म्हणायच्या, "पण तो काढला की छप्पर डोक्यावर येतं." ते आठवलं की त्याला अजूनही बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वाचनालयात गेला. वरच्या मजल्यावर प्रदर्शन होतं, आणि तिथे त्याच्याशिवाय होता फक्त एक पहारेकरी, पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलेला. भिंतीवर शहराचा मोठा नकाशा लावला होता. त्यावर जुन्या जागांच्या लाल खुणा होत्या. तो एकेका खुणेपाशी थांबत गेला. गोदी कामगारांचा क्लब. तिथली जमीन इतकी उतरती होती की बासचा टोकदार पाय घसरायचा, म्हणून तो जुन्या बुटाचा तळ कापून खाली ठेवायचा. नदीकाठचं चहागृह. तिथला मालक संथ गाणं लागलं की स्वतः उठून पंखे बंद करायचा. लोक घामाने निथळायचे, पण हूं की चूं करायचे नाहीत. आणि स्टेशनसमोरचं हॉटेल, जिथे स्वयंपाकघराची वाफ थेट स्टेजवर यायची आणि तारा तेलकट व्हायच्या. हे कशातच लिहिलं नव्हतं. खुणेखाली फक्त सुरू झाल्याचं आणि बंद पडल्याचं साल होतं.

ग्रंथपाल पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या होत्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण कुणीतरी दुजोरा द्यायला हवा. गेल्या आठवड्यात, ट्रम्पेटवाल्याचं नाव अजून लावलं नव्हतं तेव्हा, तिघेजण येऊन गेले. फोटोतला ट्रम्पेटवाला आपणच, असं तिघांचंही म्हणणं होतं."

"ट्रम्पेटवाला वारला. मी खांदा दिलाय त्याला."

"तेच ना. तुमच्या बँडमधलं आणखी कुणी आहे का?"

बाई गेल्या होत्या. ड्रमवाला परदेशात मुलाकडे गेला आणि तिथेच वारला. राहिला होता एकटा अ‍ॅकॉर्डियनवाला. त्याला ते भाता म्हणत, कारण हसताना तो वाद्यापेक्षा जास्त फुगायचा. दोघांची भेट होऊन नऊ वर्षं झाली होती. भांडण वगैरे काही नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान मिटवायला तरी भेटले असते.

भाता टायरच्या दुकानावरच्या खोल्यांत मुलाकडे राहायचा. सुनेने दार उघडलं. "या काका," म्हणाली, "आज कुणीतरी आलं हे बरं झालं. भिंतीशी बोलतात दिवसभर." भाता खिडकीत बसला होता, पायांवर चादर.

"खांब! अजून उभा आहेस?"

"तू बसलास असं कळलं, म्हणून बघायला आलो."

भाता हसला, फुगला, आणि मग खोकत राहिला. सुनेने चहा आणला. दोघांनी मिळून अख्खं शहर पुन्हा उभं केलं. त्या क्लबातला उतार, ते पंखे, बाई रागावल्या की मुद्दाम एक सूर वर चढवून गायच्या आणि सगळ्यांची तारांबळ उडवायच्या ते. तासभर गेला असेल. असा तास त्याच्या वाट्याला किती दिवसांत आला नव्हता. मग त्याने फोटो दाखवला आणि काम सांगितलं.

भात्याने फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हा तू नाहीस," तो म्हणाला.

"चेष्टा नको."

"चेष्टा कशाला करू? बाईंचा हात बघ. प्लास्टर आहे. बाई जिन्यावरून पडल्या तेव्हा तू कुठे होतास?"

तेव्हा तो कावीळ होऊन इस्पितळात पडला होता. दोन महिने.

"आणि कोटाची बाही बघ, मनगटाच्या चार बोटं वर," भाता म्हणाला. "कोट तुझाच. वहिनींनीच दिला होता त्याला, स्टेजवर बरा दिसावा म्हणून. हा तो बदली आहे, तुझ्या जागी आलेला. नाव काय रे त्याचं? आपण बदलीच म्हणायचो."

त्याने पुन्हा पाहिलं. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. खांद्याची ठेवण, लांब बोटं, किंचित झुकलेली मान. वाजवताना हलणारा माणूस होता तो. फोटो हलला होता तो त्याच्यापाशीच.

"ते तुझंच नाव देऊन टाक," भाता हलकेच म्हणाला. "मी सही करतो. कोण येतंय विचारायला? तूच तर उभा राहिलास अकरा वर्षं."

"बघतो," तो म्हणाला.

परतताना तो बसने न जाता चालत निघाला आणि पाय आपोआप स्टेशनसमोर वळले. हॉटेलच्या जागी आता कचेऱ्यांची इमारत होती. तळघर तेवढं शिल्लक होतं; तिथे गाड्या लावत. तो काठी टेकत उतारावरून खाली जाऊ लागला तसा रखवालदाराने हटकलं.

"कुठली गाडी, आजोबा?"

"गाडी नाही."

"मग खाली काय काम?"

तो तिथेच थांबला. खालून पेट्रोलचा वास येत होता. समोर जिथे दोन स्कूटर उभ्या होत्या, साधारण तिथेच, बरा होऊन आल्यावर तो बदलीशी बोलला होता.

बाईंचं म्हणणं होतं, दोघंही राहू देत. चहागृहातल्या दुपारच्या बैठका बदलीने कराव्यात, बाकी खांबाने. "तो तरी राहील, नाही तर मी," तो बाईंना म्हणाला होता. बाईंनी जुन्या माणसाला धरून ठेवलं. मग बदली त्याच्याकडे आला. त्याचं स्वतःचं वाद्य ट्रकच्या अपघातात मोडलं होतं. "दादा, बुधवारी तुम्ही वाजवत नाही," तो म्हणाला, "तेवढा दिवस बास मिळाला तर मी दुसरीकडे कुठेतरी बघेन." त्याने उत्तर दिलं, "मी वाद्य उसनं देत नाही." दोन महिने तेच वाद्य त्या माणसाच्या हातात होतं. बदली "बरं दादा" म्हणाला. जाण्यापूर्वी त्याने आपल्या रुमालाने तारा पुसल्या. पुढे तो बसडेपोत लागल्याचं कानावर आलं. मग तेही आलं नाही.

"आजोबा, बाजूला व्हा, गाडी येतेय," रखवालदार म्हणाला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. नातवाच्या वर्गात तिने फोटो दाखवायला दिला होता.

"तो फोटोतला माणूस मी नाही," त्याने सांगितलं.

"पण कोट तर आईने शिवलेला."

"कोट माझाच. आत दुसरा आहे."

"मग तुमचा फोटो कुठला?"

"शोधावा लागेल."

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना? मी येऊ का दोन दिवस?"

यावं असं त्याला फार वाटलं. "कशाला उगाच धावपळ," तो म्हणाला. "मुलाची परीक्षा आहे ना."

दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. भात्याची सही मिळत होती. विचारणारं कुणी नव्हतं. हेच त्याला जास्त लागत होतं. खोटं पचलं असतं ते एवढ्यासाठीच, की भाता आणि तो सोडून खरं माहीत असलेलं माणूस आता उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याने ग्रंथपालांच्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर नाव होतं, आडनावासकट.

"हे तुमचं?"

"नाही. फोटोतल्या माणसाचं. माझी चूक झाली."

नाव तो विसरला नव्हता. इस्पितळात असताना बदलीचं पत्र आलं होतं, दोनच ओळींचं. 'वाद्य रोज पुसतो. लवकर बरे होऊन या.' खाली पूर्ण नाव, शाळेतल्या मुलासारखं नीटनेटकं. त्या पत्राला त्याने उत्तर पाठवलं नव्हतं.

ग्रंथपालांनी कागद वाचला आणि त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही? तुमचाही असेलच एखादा."

दोघांनी मिळून खोक्यांतले उरलेले फोटो चाळले. कामगार क्लबातल्या एका फोटोच्या कडेला बासच्या कुशीचा अर्धा भाग होता आणि त्यावर एक हात. कोपरापुढचा माणूस फोटोबाहेर.

"हा हात तुमचा?"

त्याने बराच वेळ पाहिलं. "असेल," तो म्हणाला. "पण लिहू नका. नक्की नाही सांगता येत."

"मग असं करा, तुम्हाला आठवतं ते सांगा. आवाज तरी राहील. या जागांबद्दल बोलायला माणसंच मिळत नाहीत हो."

त्यांनी त्याला मागच्या खोलीत बसवलं. कपाटं, एक टेबल, टेबलावर छोटं यंत्र, त्यावर लाल दिवा. तो उताराबद्दल बोलला, पंख्यांबद्दल, तेलकट तारांबद्दल. ग्रंथपाल मान हलवत होत्या, मधूनच हसत होत्या. मग त्यांना खालून बोलावणं आलं. "तुम्ही चालू ठेवा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

खोलीत कुणी नव्हतं. यंत्र ऐकत होतं. तो खाकरला, पाणी प्यायला, आणि मग हळूहळू बदलीबद्दल सांगू लागला. तारा पुसल्याचं सांगितलं, बुधवारचं सांगितलं, आणि जे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं तेही. इस्पितळातून सुटल्यावर तो घरी न जाता आधी हॉटेलात गेला होता. हॉलचं दार थोडं उघडं होतं. आत सराव चालला होता. तो बाहेरच उभा राहिला. आपलंच वाद्य असं वाजू शकतं हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाई गाता गाता थांबल्या होत्या आणि मागे वळून त्या माणसाकडे बघत होत्या. अकरा वर्षांत त्यांनी याच्याकडे असं वळून पाहिलं नव्हतं. गाणं संपेपर्यंत तो आत गेला नाही.

ग्रंथपाल परत आल्या तेव्हा तो टेबलावर हात ठेवून बसला होता.

"झालं? बंद करू?"

"थांबा," तो म्हणाला. यंत्राकडे जरा वाकून, सावकाश आणि स्पष्ट, जसं दुसऱ्याला लिहून घ्यायला सांगतात तसं त्याने बदलीचं पूर्ण नाव पुन्हा एकदा उच्चारलं. "माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा. हेही राहू दे त्यात."

त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा विझला. तो काठी शोधून उठला आणि जिना उतरू लागला.